जांभळ्या घराचा सुभेदार

रंगारी गल्लीत जुलेखाचं घर कुणाला विचारत जावं लागत नसे. डोळ्यांपुढं जांभळं यायला लागलं की समजायचं, आलं. दारावरचा पडदा जांभळा, आतल्या उशांचे अभ्रे जांभळे, दोरीवर वाळत घातलेली नवऱ्याची बंडी जांभळी आणि खुद्द जुलेखाची पाचही लुगडी जांभळी. माहेरी, पेठ वडगावला गेली की तिथल्या बायका विचारत, बये, तुझा नवरा तुला दुसरं लुगडं घेत न्हाय का? पाच आहेत म्हणून सांगितलं तरी कुणाला पटत नसे. घरात पांढरं उरलं होतं ते एकट्या लालबीच्या अंगावर. लालबी म्हणजे तिची सासू. म्हातारी आपली कापडं स्वतः धुवायची आणि वाळेपर्यंत त्यांच्याशेजारी राखण करत बसायची, म्हणून ती वाचली होती.

याला कारण टेकडीवरचं कॉलेज. महाराजांच्या राज्यात तेव्हा शिक्षणाचं वारं सुटलं होतं. पन्हाळ्याकडची, वडगावकडची, कुठकुठली पोरं वळकटी आणि भाकरीचं गठुळं घेऊन कोल्हापुरात उतरायची आणि दोन-चार वर्षांत इंग्रजीतून भांडायला शिकायची. या कॉलेजला सगळं गाव नुसतं 'टेकडी' म्हणे. टेकडीचा रंग जांभळा, आणि टेकडीच्या रस्सीखेचीच्या संघाचे फेटे रंगवायचा मान जुलेखाच्या नवऱ्याचा, नबीलालचा. दर साली मोठ्या सामन्याच्या आधी तो चुलवणावर काहील चढवी, पाण्यात विलायती पुडी सोडी आणि फेटे बुडवी. फेटे निघाले तरी काहिलीत अर्धाअधिक रंग उरायचाच. तो ओतून द्यायचा नाही, असा त्या घराचा नेम होता. रंग ओतला की घरची बरकत त्याच्याबरोबर मोरीतून जाते, असं नबीलालच्या आज्यापासून चालत आलेलं. म्हणून मग घरात हाताला लागेल ते कापड काहिलीत जायचं. एका साली पाहुण्याचा टॉवेलही गेला होता.

नबीलालला याचा कोण अभिमान. त्याला सही करता येत नव्हती, पण 'आपलं कॉलेज' म्हणताना त्याची मान अशी ताठ व्हायची, की परगावच्या माणसाला तो तिथला प्रोफेसरच वाटावा. जुलेखाला मात्र या सगळ्याचा तिटकारा होता. निदान ती तसं म्हणायची. तोंडानं बाई तिखट. ती जे बोलेल त्यातलं निम्मं सोडून द्यायचं, हे गल्लीला माहीत होतं. नेमकं कुठलं निम्मं, एवढंच कुणाला कळत नसे.

सगळ्यात जास्त ती बोलायची सुभेदाराबद्दल.

सुभेदार हा टेकडीचा कुत्रा. तांबूस रंगाचा, उंच टांगांचा, एक कान मोडलेला. महाराजांच्या शिकारखान्यातल्या कुणा नामांकित कुत्रीचा हा नातू, असं पोरं छातीठोक सांगत. शिकारखान्यातल्या कुणी ते नातं मान्य केल्याचं मात्र ऐकिवात नाही. वर्ग सुरू झाले की तो व्हरांड्यात आडवा पडे, घंटा झाली की उठून पोरांबरोबर बाहेर येई. त्यामुळं काही मास्तरांचं म्हणणं असं, की टेकडीवर रोज न चुकता हजर राहणारा तो एकटाच. पण त्याची खरी नोकरी माळावर. रस्सीखेच लागली की दोराच्या शेवटच्या गड्यामागं तो उभा राही आणि संघ इंचभर जरी पुढं खेचला गेला तरी असा काही भुंके, की गड्यांना समोरच्या संघापेक्षा मागच्या सुभेदाराची जास्त लाज वाटायची. तो नसताना टेकडी कधी जिंकली आहे, हे कुणाला आठवत नव्हतं.

हा सुभेदार रोज उजाडताना टेकडी उतरून रंगारी गल्लीत यायचा आणि जुलेखाच्या कट्ट्याशी उभा राहायचा. लालबीचं सांगणं होतं, नमाजाचं घर आहे, कुत्रं उंबऱ्याच्या आत येता कामा नये. जुलेखा म्हणे, आत कोण घेतंय, माझा काय संबंध त्या मेल्याशी. असं म्हणत म्हणत ती शिळी भाकरी कुस्करायची, तिच्यावर रात्रीचा रस्सा असेल तर तो घालायची, नसेल तर चुलीवर जरा पाणी कोमट करायची. सुभेदार खाऊन जायचा. त्याच्या पाठीवर शिव्यांची लाखोली वाहत ती थाळी विसळायची. हे किती वर्षं चाललं होतं कोण जाणे.

त्या साली थंडीत पेठेत एक कुत्रं पिसाळलं आणि दोघाचौघांना चावलं. दवंडी पिटली गेली. ज्या कुत्र्याच्या गळ्यात मालकाची खूण नसेल ते धरायचं आणि पलीकडच्या माळावर नेऊन संपवायचं. कामाला नेमला हंबीरराव मुकादम. मिशा दांडग्या, आवाज हळू, आणि नियम म्हणजे नियम असा माणूस. बरोबर गाडा आणि काठीला फास बांधलेले दोघे गडी.

टेकडीवरच्या पोरांना वाटलं, मास्तरांनी काहीतरी केलं असेल. मास्तरांना वाटलं, पोरांनी केलं असेल. सुभेदार सगळ्यांचा होता, त्यामुळं त्याच्या गळ्यात काही बांधायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना तो उघड्या गळ्यानं जुलेखाच्या कट्ट्याशी येऊन उभा राहिला. जुलेखाची नजर थेट त्याच्या गळ्यावर गेली. नबीलालनं आदल्याच दिवशी फेटे रंगवले होते. तिनं जांभळ्या कापडाची एक पट्टी टरकन फाडली, सुभेदाराच्या गळ्यात घट्ट बांधली आणि चार शिव्या देऊन त्याला हाकलला. आता मुकादम काय, मुकादमाचा बाप जरी आला तरी टेकडीचा कुत्रा कुठला ते लांबून ओळखेल, असं तिचं तिनं ठरवून टाकलं.

इथवर सगळं नीट झालं होतं. पुढचं जे झालं ते जुलेखाच्या हाताला असलेल्या सैलपणामुळं.

शेजारच्या धोंडुबाईनं ती पट्टी बघितली. धोंडुबाईकडं दोन म्हशी होत्या आणि म्हशींच्या मागं हिंडणारं एक खंड्या नावाचं कुत्रं. ती म्हणाली, माझ्या खंड्यालाबी दे की एक. जुलेखानं दिली. मग समोरची आली, मग पलीकडच्या बोळातली. काहिलीत रंग उरलेलाच होता आणि तो तर ओतायचा नव्हता. जुलेखानं एक जुनी चादर काढली, फाडली, बुडवली आणि वाटायला बसली. प्रत्येकीला ती ऐकवत होती, की माझ्या मागं दुसरी कामं न्हाईत का, आणि प्रत्येकीला एक पट्टी जास्तच देत होती. दिवस मावळेपर्यंत त्या पेठेत असं एक कुत्रं उरलं नाही, की ज्याला टेकडीत प्रवेश मिळाला नव्हता. एका शेळीलाही मिळाला.

दुसऱ्या दिवशी हंबीरराव गाडा घेऊन पेठेत शिरला. पहिलं कुत्रं दिसलं, जांभळं. दुसरं जांभळं. चौकात ऊन खात पडलेली आठ-दहा, सगळी जांभळी. गडी हसायला लागले तसा तो चिडला. धोंडुबाईला त्यानं शांतपणे विचारलं, की या पेठेतली एवढी कुत्री कॉलेजात गेली कवा? धोंडुबाईनं जुलेखाच्या दाराकडं बघितलं. हंबीररावानंही बघितलं. त्या दारावरचा पडदा बघून त्याला आणखी काही विचारायची गरज पडली नाही.

त्यानं तिथंच फर्मान सोडलं. उद्यापासून कापडाची खूण चालणार नाही. ज्या घरचं कुत्रं असेल त्या घरच्या माणसानं समोर यायचं, आणि कुत्रं त्या घरी राहतंय हे आपल्या डोळ्यांना दिसलं पाहिजे. नाहीतर गाडा.

बाकीच्यांचं काही अडलं नाही. खंड्या धोंडुबाईच्या गोठ्यात बसत होता, बाकीची कुत्री आपापल्या दारात. अडलं एकट्या सुभेदाराचं. ज्याच्यासाठी पट्टी निघाली होती तोच तेवढा उघड्यावर पडला, आणि तो जुलेखामुळं पडला. त्या दिवशी तिच्या हातची भाजी खारट झाली आणि ती कुणाला काही बोलली नाही, तेव्हा लालबीनंसुद्धा विचारलं, की बरं वाटत नाही का.

नबीलाल संध्याकाळी टेकडीवर जाऊन आला. संघाचा नायक आकाराम, वडगावकडचा धिप्पाड गडी, तो तर मुकादमाशी कुस्ती धरायला तयार होता. पण वसतिगृहाच्या सुपरिंटेंडेंटांनी सरळ सांगितलं, की वसतिगृह म्हणजे घर नव्हे, सुट्टीत इथं कुलूप असतं, मग कुत्र्याचं उत्तर कोण देणार? बोलणं खोटं नव्हतं. पोरांनी मग आपला मार्ग काढला. दुसऱ्या दिवशी मिरजेच्या संघाबरोबर मोठा सामना होता, तोवर सुभेदाराला खोलीत कोंडून ठेवायचं आणि थेट माळावर काढायचं. पुढचं पुढं.

त्यांनी त्याला कोंडला. उजाडायच्या वेळेला सुभेदारानं खिडकीतून उडी टाकली आणि नेहमीसारखा टेकडी उतरून जुलेखाच्या कट्ट्याशी आला. हंबीरराव आपल्या कामाला लवकर लागणारा माणूस. जुलेखा भाकरी कुस्करून बाहेर येतेय तोवर सुभेदाराच्या मानेत फास पडला होता.

थाळी तिच्या हातातच राहिली. नबीलाल फेट्यांचं गठुळं घेऊन मगाशीच माळावर गेला होता. गल्ली गोळा झाली. जुलेखा कट्ट्यावरून खाली उतरली आणि म्हणाली, "मुकादम, सोडा त्याला. माझा हाय त्यो."

हंबीररावानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाला, बाई, काल तर अख्ख्या पेठेची कुत्री तुमची होती, आता तुमच्या शब्दावर कसा भरवसा ठेवू? त्यानं धोंडुबाईला साक्षीला घेतलं. धोंडुबाईच्या मनात वाईट काही नव्हतं, पण खोटं तिला झटकन सुचत नसे. ती म्हणाली, रोज येतंय खरं, पर जुलेखाच म्हणती की माझा काय संबंध. इतक्या वर्षांची बडबड त्या एका मिनिटात जुलेखाच्या अंगावर आली.

तरी हंबीरराव वाईट नव्हता. तो म्हणाला, ठीक, फास सोडतो. तुमच्या उंबऱ्याशी जाऊन बसला तर तुमचा.

फास सुटला. सुभेदारानं अंग झाडलं, जुलेखाच्या दिशेनं दोन पावलं टाकली, थाळीचा वास घेतला. जुलेखाचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय एवढ्यात टेकडीखालच्या माळावर हलगी कडाडली. सामन्याची हलगी. सुभेदाराचा धड असलेला कान उभा राहिला, आणि पुढच्या क्षणी गल्लीच्या तोंडाशी त्याची नुसती शेपटी दिसली.

गडी पोट धरून हसले. हंबीररावही हसला. "बघा बाई, गेलं की. ह्येला तुमचं कसं म्हणू?"

जुलेखाला मूल नव्हतं. त्या एका गोष्टीवर ती आयुष्यात कुणाशी बोलली नव्हती, आणि तिच्या तोंडाला भिऊन म्हणा, दुसरंही कुणी तिच्यासमोर बोलत नसे. पण त्या क्षणी ती जे बोलली ते तिनं ठरवून बोललेलं नव्हतं. ते आतूनच आलं.

"पोरं शाळंला जात्यात, म्हणून घरची न्हवंत व्हय, मुकादम? घंटा झाली की पळणारच की. संध्याकाळी यील घरी."

गल्लीत कुणी हसलं नाही. हंबीररावानं मिशीवरून हात फिरवला. मग गाडा बोळाच्या कडेला लावायला सांगून तो समोरच्या पायरीवर बसला. "बसतो मी हितं दिवस मावळंस्तवर. आलं तर तुमचं. न्हाय आलं, तर उद्या सापडंल तितनं उचलणार. मग बोलायचं न्हाय."

तो दिवस काही केल्या ढळेना. हंबीररावानं गल्लीतल्या बाकीच्या कुत्र्यांची चौकशी उरकली, फडक्यातली भाकरी सोडून खाल्ली, धोंडुबाईच्या घरचं पाणी प्याला, भिंतीला टेकून एक डुलकी काढली. जुलेखानं कट्टा सारवला. काल सारवलेलाच होता. आत लालबी आपल्या जागी माळ ओढत बसली होती आणि थोड्या थोड्या वेळानं विचारत होती, "आलं का गं?" जुलेखा म्हणे, न्हाय. म्हातारी परत माळ ओढू लागे.

ऊन उतरताना नबीलाल धापा टाकत आला. फेटा सुटलेला, आवाज बसलेला. टेकडी जिंकली होती. तिसरा डाव हातचा चाललाच होता, आकारामचे पाय घसरायला लागले होते, तेवढ्यात सकाळपासून शेवटच्या गड्यामागं उभा असलेला सुभेदार असा काही भुंकला, की मिरजेचा संघ तोंडावर आपटला. आता पोरं त्याला खांद्यावर घेऊन गावातनं मिरवत निघाली होती. तिथून वसतिगृहावर. आज तिथं मटण शिजत होतं. नबीलाल एवढं बोलून मोठ्यानं हसला, आणि मग त्याला समोरच्या पायरीवर बसलेला मुकादम दिसला.

जुलेखानं त्याला सगळं सांगितलं. नबीलाल ऐकून हबकला. वसतिगृहात मटणाची हाडं, शंभर पोरांचे लाड, आणि इथं एक शिळी भाकरी. कुत्रा कशाला मरायला येतोय इकडं? तो म्हणाला, मी जातो आणि धरून आणतो. जुलेखानं त्याचा हात धरला.

"न्हाय. वडून आणलेलं कसलं घरचं? आपल्या पायानं यील तर यील."

म्हणाली खरं, पण तिचं तिलाच धड ऐकू आलं नाही. येणार नाही तो, असं तिला सारखं वाटत होतं. तो का येईल? तिनं त्याला इतक्या वर्षांत एक गोड शब्द दिला नव्हता. त्याच्या अंगावरून कुणी बघत असताना कधी हात फिरवला नव्हता. आत घेतला नव्हता. आणि त्याला मारायला न्यायची वेळ आणली तीही तिनंच.

दिवे लागायची वेळ झाली. गल्लीतल्या बाया आपापल्या दारात येऊन पोरांना हाका मारायला लागल्या. कुणी नदीवर गेलेलं, कुणी सामना बघायला. हाका, शिव्या, धपाटे, रडणं, आणि मग एकेक दार आत ओढलं जायचं. रोज या वेळेला जुलेखा आत काहीतरी काम काढून बसे. आज पहिल्यांदा ती या हाका दारात उभी राहून ऐकत होती. हाक मारावी असं तिलाही वाटलं. पण सवय नव्हती, आवाज फुटेना.

हंबीरराव उठला. धोतर झटकलं, फेटा सारखा केला. काहीतरी बोलायचं म्हणून तो जुलेखाकडं वळला, आणि तिचा चेहरा बघून गड्यांना गाडा वळवायची खूण करायला लागला.

तेवढ्यात बोळाच्या वळणावरून सुभेदार आला. पळत नव्हता. दमलेला होता, चालत होता. आकारामनं कौतुकानं त्याच्या गळ्यात आपला फेटा गुंडाळलेला, त्याचा शेव धुळीत लोळत येत होता. एक पाय जरा लंगडत होता. वाटेत खंड्या त्याच्यावर गुरगुरला, त्यानं लक्ष दिलं नाही. मुकादमाच्या पायाशेजारून, गाड्याच्या चाकाजवळून तो सरळ आला, कट्ट्यावर चढला आणि उंबऱ्याला पाठ लावून हाश्श करून आडवा झाला.

जुलेखा कमरेवर हात ठेवून उभी होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड त्याच्या आधीच सुटलं होतं.

"ही यायची येळ झाली व्हय रं? कवापास्नं वाट बघाय लागलीया हितं! काय अवतार केलाय ह्यो? आन् पायाला काय लागलं? कुठं उलथला हुतास दिवसभर?"

गल्लीतल्या सगळ्या दारांतून हाच आवाज रोज येत असे. या दारातून तो कधी आला नव्हता. धोंडुबाईनं पदर तोंडाला लावला. हंबीरराव खाली मान घालून काठी शोधत राहिला, ती त्याच्या हातातच होती.

आतून लालबीचा आवाज आला.

"वरडू नकोस गं त्याला. दमून आलंय पोर. आत घे."